साकांक्ष मथळा : वृत्तसंकेतस्थळे आणि वाचकाची तक्रार

१

वृत्तसंकेतस्थळांवरील मथळ्यांविषयीची वाचकांची तक्रार आता पुरेशी जुनी झाली आहे. मथळा पाहून बातमी उघडावी आणि मथळ्याने जे सुचविले होते ते बातमीत सापडू नये, किंवा सापडलेच तर ते मथळ्यातच एका शब्दात सांगता आले असते असे लक्षात यावे, हा अनुभव इतका नित्याचा झाला आहे की त्याविषयी कोणी बोलू लागले तर ऐकणाऱ्यालाही त्यात नवे काही वाटत नाही. वृत्तपत्रविद्येचे अभ्यासक या तक्रारीचा विचार व्यावसायिक नीतीच्या सदरात करतात. संकेतस्थळे चालविणारे तिची गणना धंद्यात गृहीत धरलेल्या कुरबुरींत करतात. साहित्यसमीक्षेने तिची दखल घ्यावी असे मात्र फारसे कोणाला वाटलेले नाही.

प्रस्तुत लेखात असे मांडावयाचे आहे की ही तक्रार मूलतः वाङ्मयीन स्वरूपाची आहे. तिच्यातील राग नैतिक भाषेत बोलतो, कारण वाचकाला सहज उपलब्ध असलेली भाषा तीच आहे. परंतु रागाचे कारण वाक्याच्या घडणीत आहे. मराठी वाचक अशा मथळ्याला ‘भडक’ म्हणतो, ‘फसवा’ म्हणतो, ‘दिशाभूल करणारा’ म्हणतो. यांपैकी ‘भडक’ हा शब्द छापील वृत्तपत्रांच्या टीकेतून आलेला असून तो अतिरेकी रंगाचा निर्देश करतो. ‘फसवा’ आणि ‘दिशाभूल करणारा’ हे शब्द असत्याचा आरोप करतात. पण तक्रारीस पात्र ठरणाऱ्या मथळ्यांतील मोठा भाग भडकही नसतो आणि असत्यही नसतो. “उद्या ‘या’ जिल्ह्यांत शाळांना सुट्टी” हा मथळा अक्षरशः खरा असू शकतो. त्याचा दोष त्याने जे सांगितले त्यात नाही. जे सांगण्याचे टाळले त्यात आहे. या दोषाला मराठीत रूढ नाव नाही. ‘क्लिकबेट’ हा इंग्रजीतून आलेला शब्द मथळ्यामागील हेतूचे नाव आहे, त्याच्या रचनेचे नव्हे. नावाच्या अभावी तक्रार अस्पष्ट राहते आणि अस्पष्ट तक्रारीची बोळवण करणे सोपे जाते. म्हणून प्रथम त्या रचनेचे वर्णन करणे अगत्याचे आहे. (या लेखात नमुन्यादाखल दिलेले बातम्यांचे मथळे प्रचलित धाटणीवरून रचलेले आहेत, ते कोणत्याही विशिष्ट संकेतस्थळाचे नाहीत.)

२

जेरार जनेत या फ्रेंच सिद्धांतकाराने १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना इत्यादी घटकांना संहितेचा उंबरठा मानले. उंबरठा आत नसतो आणि बाहेरही नसतो. आत जावे की नाही याचा निर्णय त्याच्यावर उभे राहून घेता येतो. ही कल्पना बातमीच्या मथळ्याला लावताना एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. कादंबरीचे शीर्षक सामान्यतः नाम असते. बातमीचा मथळा हे, क्रियापद गाळलेले असले तरी, वाक्य असते. “कोकणात मुसळधार पाऊस, सात तालुक्यांत शाळा बंद” असे म्हणणारा मथळा बातमीला नाव देत नाही, तो बातमी सांगतो. खालचा मजकूर त्याचा विस्तार असतो. त्यामुळे वृत्तपत्राचा मथळा उंबरठा तर असतोच, पण तो घराची लहान प्रतिकृतीही असतो. वाचकाने तेथूनच परत फिरायचे ठरविले तरी तो रिकाम्या हाताने परतत नाही.

या वैशिष्ट्याचे सामाजिक परिणाम मोठे होते. वृत्तपत्रविक्रेत्याच्या ठेल्यासमोर दोन मिनिटे थांबणारा, सार्वजनिक वाचनालयात दुसऱ्याच्या हातातील अंकाचे पहिले पान वाचणारा, सहप्रवाशाच्या वृत्तपत्राकडे नजर टाकणारा, यांपैकी कोणीही अंक विकत घेतलेला नसे. तरीही दिवसाचा सारांश त्यांच्या वाट्याला येत असे. ज्यांना सलग मजकूर वाचणे जड जाई, त्यांच्यासाठी मोठ्या ठशातला मथळा हीच बातमी होती. मथळा हा वृत्तपत्राच्या मालकीचा असला तरी उपयोगाने सार्वजनिक होता. वाचक आणि मथळा यांच्यातील अलिखित करार हाच: वरच्या ओळीत सार मिळेल, तपशील हवा असेल तर खाली उतरावे.

मथळा नेहमीच वाचकाला ओढून घेण्यासाठी लिहिला गेला आहे, मग आजच्या मथळ्याविषयी इतके रान कशासाठी उठवायचे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. आक्षेपातील तथ्य मान्य केले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधील वृत्तपत्रांनी मथळ्याचे ढोल वाजविले, आणि त्यांच्या पत्रकारितेला ‘पीत पत्रकारिता’ हे नाव पडले. पण आकर्षून घेणे आणि अडवून धरणे या दोन भिन्न क्रिया आहेत. प्रश्नार्थक मथळ्याचे उदाहरण घेऊ. १८९७ साली ‘केसरी’त आलेल्या टिळकांच्या अग्रलेखाचे ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हे शीर्षक प्रश्नार्थक आहे. तथापि तो प्रश्न काकूने उत्तर देऊन मोकळा होतो. लेखकाचे मत काय, रोख कोणावर आणि धार किती, हे वाचकाला शीर्षकातच कळते. पुढचा लेख त्या मताचे समर्थन करतो. तेथे प्रश्नचिन्ह म्हणजे विधानाची तीव्रता. आजच्या प्रश्नार्थक मथळ्यातील प्रश्नचिन्ह ही विधानातून सुटका असते. “सोन्याचे भाव आणखी वाढणार?” असे विचारणारा काहीच सांगत नाही आणि म्हणून कशालाच बांधील राहत नाही. इयन बेटरिज या ब्रिटिश पत्रकाराने २००९ साली जे सूत्र मांडले, की प्रश्नचिन्हाने संपणाऱ्या कोणत्याही मथळ्याला ‘नाही’ असे उत्तर देता येते, ते थट्टेचे असले तरी त्यात एक रूपनिरीक्षण आहे. वार्ताहराजवळ होकारार्थी उत्तर असते तर त्याने विधान केले असते.

३

मराठी संकेतस्थळांच्या मथळ्यांत या रूपाने एक खास देशी वळण घेतले आहे, आणि ते अवतरणचिन्हांतील दर्शक सर्वनामाचे आहे. “‘या’ अभिनेत्रीने सोडली मालिका”, “सकाळी उठल्यावर ‘हे’ काम टाळा”, “शेतकऱ्यांच्या खात्यात ‘या’ दिवशी येणार पैसे”. व्याकरणदृष्ट्या ‘हा’ आणि ‘या’ ही रूपे समोर असलेल्या किंवा नुकत्याच उल्लेखिलेल्या वस्तूकडे बोट दाखवितात. येथे समोर काही नसते आणि मागेही काही आलेले नसते. बोट दाखविले जाते, पण ज्याकडे ते वळले आहे ती वस्तू पडद्याआड असते. अवतरणचिन्हे या रिकामेपणाची कबुली देतात. एरवी ती दुसऱ्याचा शब्द किंवा विशेष अर्थाने वापरलेला शब्द दाखवितात. येथे नाम ज्या जागेतून काढून घेतले ती जागा दाखवितात.

जोनास ब्लोम आणि केनेथ हॅन्सन यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दहा डॅनिश वृत्तसंकेतस्थळांवरील एक लाख मथळ्यांच्या आधारे या पुढच्या मजकुराकडे बोट दाखविणाऱ्या रचनेचा अभ्यास केला आणि तिचा संबंध वृत्तव्यवसायाच्या वाढत्या व्यापारीकरणाशी जोडला. म्हणजे ही प्रवृत्ती एका भाषेची नाही. तरी प्रत्येक भाषा आपापल्या साधनांनी ती घडविते. मराठीत सर्वनामाखेरीज ‘असं काही केलं की’ हा अर्धवट सोडलेला सहसंबंधी प्रयोग आहे. “वाचून व्हाल थक्क” ही क्रियापद आधी आणणारी, गद्यात अस्वाभाविक वाटणारी उलटापालट आहे. आणि ‘नेमकं काय घडलं’ यातील अनुस्वारयुक्त बोलीरूपे आहेत. जो मथळा पूर्वी प्रमाण लेखनात आणि तृतीय पुरुषात बोलत असे, तो आता वाचकाला ‘जाणून घ्या’ असे थेट म्हणतो. ही जवळीक दाखविली जाते नेमकी अशा क्षणी की जेव्हा माहिती हातची राखलेली असते.

रोलाँ बार्त यांनी १९६२ साली वृत्तपत्रांतील खून, अपघात, चमत्कारिक योगायोग अशा सुट्या बातम्यांच्या संरचनेवर एक निबंध लिहिला होता. त्यांच्या मते राजकीय बातमी समजण्यासाठी तिच्याबाहेरचे पुष्कळ माहीत असावे लागते. ही सुटी बातमी मात्र स्वयंपूर्ण असते. तिचे सारे मर्म दोन पदांच्या संबंधात असते: कारण क्षुल्लक आणि कार्य भयंकर, किंवा दोन असंबद्ध गोष्टींचा अचानक मेळ. “पन्नास रुपयांवरून भावाचा खून” हा मथळा या संरचनेचा शुद्ध नमुना आहे. दोन्ही पदे समोर आहेत, आणि त्यांच्यातील विषमतेने वाचक सुन्न होतो. हीच बातमी आजच्या धाटणीत कशी येईल? “क्षुल्लक कारणावरून भावाने केलं असं काही की गाव हादरलं, नेमकं काय घडलं?” येथे पन्नास रुपये गेले, खूनही गेला. कारणाच्या जागी ‘क्षुल्लक’ हा शेरा आहे, कार्याच्या जागी ‘असं काही’ आहे आणि घटनेच्या बदल्यात तिची प्रतिक्रिया आहे.

हा बदल आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत अधिक नेमका पकडता येतो. विभाव झाकून ठेवला आहे आणि अनुभाव आधीच जाहीर केला आहे. ‘डोळे पाणावतील’, ‘अंगावर काटा येईल’, ‘थक्क व्हाल’ या प्रयोगांत वाचकाला कोणता भाव अनुभवायचा आहे हे शब्दाने सांगितलेले असते, पण तो भाव ज्याच्यामुळे जागा व्हावा ते आलंबन दिलेले नसते. रस, स्थायी आणि व्यभिचारी भाव त्यांच्याच नावाने सांगणे हा मम्मटाने रसदोष मानला. तेथे कवीचे असामर्थ्य ही दोषाची मीमांसा होती. येथे असामर्थ्याचा प्रश्न नाही. दोष हेच तंत्र झाले आहे.

४

वाचकांच्या तक्रारी एकत्र ठेवून पाहिल्या तर त्या तीन गटांत पडतात. पहिल्या गटातील वाचक म्हणतो, “सांगितलेच नाही.” दुसऱ्या गटातील म्हणतो, “सांगितले एक आणि निघाले दुसरेच.” तिसऱ्या गटातील म्हणतो, “सांगितले, पण सातव्या परिच्छेदात.” ही विभागणी यदृच्छेने झालेली नाही. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त वाक्य म्हणजे योग्यता, आकांक्षा आणि आसत्ति यांनी युक्त असा पदसमूह असे सांगितले आहे. तीन तक्रारी या तीन अटींच्या भंगाच्या आहेत.

आकांक्षा म्हणजे एका पदाला दुसऱ्याची असणारी अपेक्षा. ‘या’ म्हटले की ‘कोणत्या’ हा प्रश्न उभा राहतो आणि त्या प्रश्नाची पूर्ती झाल्याखेरीज वाक्यार्थ सिद्ध होत नाही. अर्थ असा अपुरा लटकत राहणे हा मम्मटाच्या यादीत ‘साकांक्ष’ नावाचा अर्थदोष आहे. वाचकाच्या पहिल्या तक्रारीला हवे असलेले नाव हेच. मथळा फसवा नाही, साकांक्ष आहे.

योग्यता म्हणजे पदार्थांच्या परस्परसंबंधात बाध नसणे. मथळ्यात ‘खळबळ’ आणि बातमीत दोन ओळींचे जुने निवेदन, किंवा मथळ्यात मृत्यूची सूचना आणि बातमीत मालिकेतील पात्राचा मृत्यू, असा प्रकार असतो तेव्हा मथळा व मजकूर मिळून जे महावाक्य व्हायला हवे त्याची योग्यताच नष्ट होते. ‘दिशाभूल’ हा शब्द खऱ्या अर्थाने या गटाला लागू पडतो.

आसत्ति म्हणजे पदांचे सान्निध्य. विश्वनाथाने दिलेला दाखला आजच्या वाचकाला विलक्षण ओळखीचा वाटेल: आज ‘देवदत्त’ हे पद उच्चारावे आणि दुसऱ्या दिवशी ‘जातो’ हे क्रियापद उच्चारावे, तर त्यांतून वाक्य होत नाही. वृत्तसंकेतस्थळावर सर्वनाम एका पानावर असते आणि त्याचे नाम दुसऱ्या पानावर. त्या पानावरही आधी प्रास्ताविक, मग जाहिरात, मग पूर्वपीठिका, मग आणखी एक जाहिरात, आणि नंतर कुठेतरी ते नाम. छापील वृत्तपत्रात मथळा आणि मजकूर एकाच कागदावर असत. मथळा साकांक्ष असला तरी नजर दोन बोटे खाली नेताच आकांक्षा फिटत असे आणि अंकाची किंमत आधीच चुकती झालेली असे. आता दोन पदांमधील अंतर हीच विक्रीची वस्तू आहे. या अंतरात जाहिराती बसतात. म्हणून ‘मथळे पूर्वीही असेच होते’ हे उत्तर अपुरे पडते: आकांक्षा पूर्वीही चाळविली जात होती, पण आसत्तीचा भंग हे उत्पन्नाचे साधन नव्हते.

नियमनाच्या भाषेकडे पाहिले तर तिला या तिहींपैकी जवळजवळ एकच अट दिसते असे आढळते. ब्रिटनमधील वृत्तपत्रांच्या संपादकीय संहितेत २०१६च्या जानेवारीपासून अचूकतेच्या कलमात मजकुराचा आधार नसलेल्या मथळ्यांचा स्पष्ट समावेश झाला. भारतीय प्रेस परिषदेच्या आचारनियमांतही मथळे सनसनाटी व चिथावणीखोर नसावेत आणि खालच्या मजकुराने त्यांचे समर्थन व्हावे अशी अपेक्षा आहे. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या माहिती तंत्रज्ञानविषयक नियमांनी हे आचारनियम वृत्तसंकेतस्थळांच्या नीतिसंहितेत आणले आणि वाचकाच्या तक्रारीसाठी त्रिस्तरीय यंत्रणा सांगितली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावरील याचिकांत, संहितेचे पालन आणि ही यंत्रणा यांविषयीच्या उपनियमांना अंतरिम स्थगिती दिली. शासनाच्या हाती अशी यंत्रणा असावी की नाही हा स्वतंत्र आणि गंभीर प्रश्न आहे. येथे मुद्दा वेगळा आहे. मजकुराने मथळ्याचे समर्थन करावे ही कसोटी केवळ योग्यतेची आहे. साकांक्ष मथळा तिच्यावर कधीच अनुत्तीर्ण होत नाही, कारण त्याने विधानच केलेले नसते. जो काही सांगत नाही त्याचे सांगणे निराधार ठरविता येत नाही. वाचकाची तक्रार कायद्याच्या भाषेत बसत नाही याचे कारण तो अतिसंवेदनशील आहे हे नव्हे. त्याने पकडलेला दोष त्या भाषेच्या नजरेबाहेरचा आहे.

५

साहित्याच्या अभ्यासकाकडून येथे एक कठीण हरकत येऊ शकते. माहिती राखून ठेवणे, उत्कंठा वाढविणे, उत्तर लांबविणे हे तर कथनाचे प्राण आहेत. बार्त यांनीच १९७० साली बाल्झाकच्या एका कथेचे विश्लेषण करताना कोडे घालणे, चकवा देणे, अर्धे उत्तर देणे, उत्तर स्थगित करणे या क्रियांचा एक स्वतंत्र संकेतव्यूह मांडला. वोल्फगांग इझर यांनी १९७६ सालच्या ग्रंथात संहितेतील रिक्त जागांना वाचनव्यापाराचे चालकत्व दिले. मग बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथेचा वाचक ज्या गोष्टीसाठी रात्र जागवितो, तिच्यासाठी मथळ्याचा वाचक चिडतो का?

याचे उत्तर रिक्त जागेच्या प्रकारात आहे. इझर यांची रिक्त जागा वाचकाच्या कल्पनेने भरायची असते. दिलेल्या दोन तुकड्यांमधील संबंध तो स्वतः जुळवितो, आणि या जुळवणीत त्याची समज घडते. मथळ्यातील ‘या’ कितीही विचार केला तरी भरता येत नाही. ती जागा कल्पनेसाठी मोकळी नाही, ती कुलूपबंद आहे. उखाणा किंवा कूट यांच्याशी तुलना केली तर फरक अधिक ठळक होतो. कोडे घालणारा सारे वर्णन देतो आणि केवळ नाव राखतो. ऐकणाऱ्याला बुद्धीच्या बळावर उत्तर गाठता येते आणि गाठता आले नाही तरी उत्तर कळताच आधीचे वर्णन उजळून निघते. साकांक्ष मथळा नाव राखतो आणि वर्णनही राखतो. उत्तर कळल्यावर मागे उजळून निघावे असे काही उरत नाही.

रहस्यकथेतही विलंब हा संहितेचाच भाग असतो. प्रत्येक लांबणीबरोबर संशयित वाढतात, अर्थ बदलतो, जग दाट होते. कीर्तनकार आख्यान ऐन प्रसंगी थांबवून अभंगाकडे वळतो तेव्हा श्रोता तक्रार करीत नाही, कारण त्या थांबण्यात त्याला पूर्वरंगातील सिद्धांताचा नवा पैलू मिळतो. मथळा आणि नाम यांच्यामधल्या विलंबात काही घडत नाही. वाचक तेथे कथेत अडकलेला नसतो, रांगेत उभा असतो. उत्कंठेचे साहित्यिक मूल्य तिच्या पूर्तीत नसून तिच्या प्रवासात असते, ही गोष्ट सामान्य वाचक उत्तम जाणतो. म्हणूनच तो रहस्यकथेचा शेवट आधी सांगणाऱ्यावर रागावतो आणि मथळ्यातले रहस्य आधी सांगणाऱ्याचे आभार मानतो. २०१४ साली ट्विटरवर ‘सेव्ह्ड यू अ क्लिक’ या नावाने सुरू झालेल्या खात्याने नेमके हेच केले: साकांक्ष मथळ्यापुढे त्याचे उत्तर लिहून टाकायचे, एवढेच. मथळ्याला त्याचे गहाळ पद परत जोडून देणारी ही कृती म्हणजे तक्रार आणि टीका यांचा एकाच ओळीत झालेला संयोग होता.

६

तरीही वाचक अशा मथळ्यांवर क्लिक करतोच, तेव्हा त्याला हेच हवे असले पाहिजे, असा युक्तिवाद केला जातो. हा युक्तिवाद वाचकाच्या दोन रूपांत गल्लत करतो. २०१२ साली सुरू झालेल्या अपवर्दी या अमेरिकन संकेतस्थळाने एका मजकुरासाठी पंचवीस मथळे लिहून पाहण्याची आपली रीत जाहीरपणे सांगितली होती. त्यांतले काही निवडून ते वेगवेगळ्या वाचकगटांना दाखवायचे आणि ज्यावर अधिक क्लिक होतील तो कायम करायचा. २०१३च्या जानेवारीपासून २०१५च्या एप्रिलपर्यंत त्या संस्थेने केलेल्या अशा साडेबत्तीस हजारांच्या आसपास प्रयोगांची नोंद २०२१ साली अभ्यासकांसाठी खुली झाली. या पद्धतीत मथळ्याचा अंतिम कर्ता कोण? उपसंपादक नव्हे; तो केवळ पर्याय पुरवितो. वाचक, पण ज्याला आपण प्रयोगात आहोत हे ठाऊक नाही असा वाचक. कर्त्याच्या मृत्यूतून वाचकाचा जन्म होईल असे जे भाकीत करण्यात आले होते, त्याची ही विपरीत परिणती आहे. वाचक कर्ता झाला, पण त्याच्या समजुतीसह नव्हे. त्याच्या बोटाच्या हालचालीसह.

प्रत्येक संहिता आपला एक गर्भित वाचक कल्पून घेते. साकांक्ष मथळ्याचा गर्भित वाचक म्हणजे माहितीच्या उणिवेने अस्वस्थ होणारा आणि ती अस्वस्थता तत्क्षणी शमवू पाहणारा जीव. जॉर्ज लोवेनस्टीन या विद्वानाने १९९४ साली कुतूहलाचे स्पष्टीकरण अशाच उणिवेच्या जाणिवेने केले होते. मथळ्याच्या तंत्राने त्या स्पष्टीकरणाचा सोयीस्कर उत्तरार्ध तेवढा उचलला. क्लिक करणारा वाचक ही भूमिका क्षणभर वठवितो. तक्रार करणारा वाचक तिच्यातून बाहेर पडून तिच्याकडे पाहतो आणि म्हणतो: तुम्ही मला जो समजून हे वाक्य लिहिलेत, तो मी नाही. गर्भित वाचकाची भूमिका प्रत्यक्ष वाचकाने नाकारणे, ही समीक्षेची पहिली पायरी आहे. क्लिक आणि तक्रार एकाच माणसाकडून होतात यात विसंगती नाही. पहिली कृती मोजली जाते आणि दुसरी बोलते.

अडचण अशी की बोलण्याचीही मोजणी होते. फेसबुकने २०१४च्या ऑगस्टमध्ये अशा मथळ्यांना आळा घालण्याची घोषणा केली, तेव्हा आपल्या पाहणीत लोकांनी ऐंशी टक्के वेळा उघडण्यापूर्वीच निर्णय घेण्यास मदत करणारे मथळे पसंत केल्याचे सांगितले. वाचकाच्या तक्रारीला मिळालेली ही मोठी मान्यता होती. पण दोष ओळखण्यासाठी जी लक्षणे ठरली ती पाहण्यासारखी आहेत: वाचक बाहेरच्या पानावर किती वेळ थांबला, आणि उघडणाऱ्यांच्या तुलनेत किती जणांनी पसंती वा अभिप्राय नोंदविला. दडविलेले नाम शोधीत जो वाचक पानभर भटकला, त्याचा वेळ समाधानाच्या खात्यावर जमा होण्याची शक्यता या मापनातच होती. आणि अभिप्राय स्तुतीचा की संतापाचा हा भेद त्या घोषणेत केलेला नव्हता. २०१६ साली याच कंपनीने मथळे तपासण्यासाठी दोन निकष सांगितले: माहिती राखून ठेवणे आणि अतिशयोक्तीने चुकीची अपेक्षा निर्माण करणे. परिभाषा बदलून पाहिले तर हे आकांक्षा आणि योग्यता यांचे निकष आहेत. आसत्तीचा निकष तेथे नाही. जिच्या भंगावर साऱ्या व्यवसायाचे उत्पन्न अवलंबून आहे, ती अट निकषांतून सुटावी हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

७

प्रश्न केवळ करमणुकीच्या बातम्यांचा असता तर एवढा विचार अनावश्यक ठरला असता. अभिनेत्रीचे नाव एक क्लिक उशिरा कळल्याने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु रूप एकदा रुळले की ते विषय निवडीत नाही. हवामान विभागाने दिलेला अतिवृष्टीचा इशारा “राज्यातील ‘या’ जिल्ह्यांना रेड अलर्ट” असा येतो. लाडकी बहीण योजनेचा हप्ता “‘या’ तारखेला” येतो. परीक्षेचा निकाल “‘या’ वेळी” लागतो. ज्या वाक्यात जिल्ह्याचे नाव हीच बातमी आहे, त्या वाक्यातून जिल्ह्याचे नाव काढले जाते. धरणाखालच्या गावात राहणारा शेतकरी, हप्त्याच्या भरवशावर किराणा आणणारी बाई, स्वस्त फोनवर आणि तुटक्या जोडणीवर पान उघडण्याची वाट पाहणारा विद्यार्थी, हे या मथळ्याचे प्रत्यक्ष वाचक आहेत. ठेल्यासमोर फुकट उभे राहून जे मिळत असे, ते आता वेळ आणि डेटा खर्चून, काही वेळा तीन पाने उघडून, मिळवावे लागते. मथळ्याचे सार्वजनिक स्वरूप संपले, ही हानी येथे मोजता येण्याजोगी होते.

यात भाषेचीही हानी आहे. दर्शक सर्वनाम हे विश्वासाचे पद आहे. ‘हा’ म्हणणारा आणि ऐकणारा एकाच जागी उभे आहेत, दोघांना एकच वस्तू दिसते आहे, हे त्याच्या प्रयोगात गृहीत असते. रोज शेकडो वेळा रिकाम्या जागेकडे बोट दाखविणाऱ्या वाक्यांतून वाचणारा माणूस हळूहळू ‘या’वर विश्वास ठेवणे सोडून देतो, आणि मग साधे, प्रामाणिक बोट दाखविणारा वार्ताहरही त्याला संशयित वाटू लागतो.

या परिस्थितीत समीक्षेने वाचकाला उपदेश करण्याचे कारण नाही. वाचकाने दोष आधीच ओळखला आहे; त्याच्याजवळ शब्द नव्हते इतकेच. साकांक्षता, अयोग्यता आणि आसत्तिभंग असा भेद केला, तर कोणत्या मथळ्याविषयी कोणती तक्रार आहे हे नेमके सांगता येते आणि ‘मथळे नेहमीच असे होते’, ‘लोकांनाच हे हवे आहे’ या दोन ठराविक उत्तरांना प्रत्युत्तर देता येते. मराठी वृत्तसंकेतस्थळांच्या मथळ्यांची या दृष्टीने पद्धतशीर छाननी अद्याप व्हावयाची आहे. सर्वनाम, क्रियापदाचे स्थान, बोलीरूपे आणि प्रश्नचिन्ह यांच्या वापराचा कालानुक्रमे अभ्यास करणे हे पदव्युत्तर स्तरावरील भाषा व साहित्याच्या विद्यार्थ्याला सहज शक्य असलेले काम आहे. काव्यदोषांची जी यादी आपण परीक्षेपुरती पाठ करतो, तिचा उपयोग दररोज सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या मराठी वाक्यांना करून पाहावा. मथळ्यावर चिडलेला वाचक ‘कोणत्या जिल्ह्यांत?’ असे विचारतो, तेव्हा तो त्या यादीतील एका दोषावरच बोट ठेवीत असतो.